दुर्गेश्वरीचा सातवा नियम

कोहमाऱ्याच्या चौकात अर्जुनी मोरगावची एसटी दुर्गेश्वरी बिसेनच्या डोळ्यांदेखत निघून गेली. तिनं हात केला, हाक मारली, चार पावलं पळूनही पाहिलं. कंडक्टरनं मागच्या काचेतून तिला छान टाटा केला. झालं! नोकरीचा पहिला दिवस, अंगावर नवी कोरी साडी, हातात फाइल, आणि पुढची गाडी तासाभरानं.

“कुठी जाऊन राहिल्या जी?”

ढाब्यासमोर एक पिकअप उभी होती, मागे रिकाम्या पोत्यांचा डोंगर. एक उंच, सावळा तरुण दोरी आवळता आवळता विचारत होता. विचारताना त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. दोरीची गाठ बसली, तेव्हा पाहिलं... आणि मग जरा जास्तच वेळ पाहिलं.

“मिलवर. गुलाबचंद सेठजींची राइस मिल आहे ना, नवेगावबांधच्या पुढे?”

“त्याच मिलले चाललो मी. बारदाना घेऊन. बसा.”

दुर्गेश्वरीनं क्षणभर विचार केला. ढाबेवाल्यानं मान हलवून हमी दिली, म्हणून ती बसली. गाडी सुरू झाली. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती आणि कार्तिकातलं ऊन असं कोवळं होतं की कोणालाही उगाच बोलावंसं वाटावं. दुर्गेश्वरीला तर बोलायला फारसं निमित्त लागतच नसे.

“तुम्ही मिलचा माल नेहमी नेता का? मग तिथली माहिती असेल. मॅनेजर कोण आहे?”

“मॅनेजर नाई कोणी.”

“मग बॉयलर बंद पडला तर?”

“एक जण आहे, त्याले बोलावतात.”

“मजूर रुसले तर?”

“त्यालेच.”

“ट्रक चिखलात फसला, धान ओला आला, वजनावरून भांडण झालं?”

“त्यालेच जी.” आता तो हसू दाबत होता. “रजिस्टरमध्ये मदतनीस म्हणून नाव आहे त्याचं.”

“बघा!” दुर्गेश्वरीनं फाइलवर हात आपटला. “हाच रोग आहे! एका माणसावर सगळं चालतं, म्हणजे काहीच व्यवस्थेनं चालत नाही. मी एचआर म्हणून आले आहे. पुण्याच्या कंपनीत दोन वर्षं हेच केलंय. पहिल्यांदा त्या माणसाचा बंदोबस्त करणार!”

“करा जी. लई त्रास आहे त्याचा.”

गाडी मिलच्या फाटकातून आत शिरली. चौकीदार ओरडला, “खुमेंद्रभाऊ, वजनकाटा अडकला!” वाळवणीच्या ओट्यावरून एक बाई ओरडली, “खुमेंद्रा, पाणी सोड रे!” आणि ऑफिसच्या दारातून खुद्द गुलाबचंद सेठजी ओरडले, “अरे खुमेंद्र, कहाँ था तू? बॉयलर ठंडा पडलाय!”

दुर्गेश्वरीनं हळूच शेजारी पाहिलं. तो खाली उतरला, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि अदबीनं म्हणाला, “खुमेंद्र पटले. मदतनीस. बंदोबस्त आजच करता, का उद्या?”

बाई बाई बाई! जमीन दुभंगली असती तर दुर्गेश्वरी फाइलीसकट आत गेली असती.

आता तिला इथं कशासाठी आणलं होतं, ते सांगायला हवं. तांदूळ विकत घेणारी एक मोठी कंपनी सेठजींच्या मिलशी वर्षभराचा करार करायला तयार होती, पण तिची अट होती. मिलमध्ये कोण कोणाच्या हाताखाली आहे त्याचा तक्ता हवा, प्रत्येकाचं पद हवं, नियम लेखी हवेत. महिन्याभरात त्यांची तपासणी होणार होती. सेठजींच्या मते मिल तीस वर्षं तोंडी चालली होती आणि उत्तम चालली होती. पण करार हवा होता, म्हणून दुर्गेश्वरीही हवी होती.

आणि दुर्गेश्वरीलाही ही नोकरी हवी होती. पुण्यात तिला सगळं मिळालं, फक्त आपलं कोणी मिळालं नाही. इथून गोंदियाकडचं गोरेगाव, म्हणजे तिचं घर, दोन तासांवर. शिकलेलं आपल्याच मातीत उपयोगी पडावं, ही तिची जुनी हौस. बाबूजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मात्र बजावलं होतं, “धानाच्या कोंड्यात एमबीए करून काय करशील?” आता तिला बाबूजींना काहीतरी करून दाखवायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं बासष्ट माणसांना एकेक करून बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, “तुमचे वरिष्ठ कोण?”

“खुमेंद्रभाऊ.”

“खुमेंद्र.”

“आमचा खुमेंद्र, दुसरं कोण?”

वाळवणीच्या बायकांची पुढारी होती पुष्पाबाई, जिच्या आवाजानं कावळेही धानापासून दूर राहत. ती म्हणाली, “माह्यावर कोणी नाई. पण खुमेंद्रानं सांगतलं तं ऐकतो.” शेवटी दुर्गेश्वरीनं सेठजींनाच विचारलं, तर ते डोकं खाजवत म्हणाले, “वैसे तो बेटा, मी पण त्यालाच विचारतो.”

संध्याकाळी तक्ता तयार झाला. मधोमध एक चौकट आणि तिच्याकडे येणाऱ्या बासष्ट रेषा. खुमेंद्र चहाचा ग्लास घेऊन आला, तक्त्याकडे वाकून बघत राहिला.

“हे काय होय? कोळ्याचं जाळं?”

“हे तुम्ही आहात.”

“अना तुमची रेष कुठी आहे?”

“माझी नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला, “मले वाटलं, तुमीबी फसल्या का काय.” आणि चहा ठेवून निघूनही गेला. चहात आलं होतं. तिला आल्याचा चहा आवडतो हे त्याला कोणी सांगितलं, हा प्रश्न तिनं बासष्टांपैकी कोणालाच विचारला नाही.

मग आला नातेवाइकांचा फॉर्म. ‘या मिलमध्ये तुमचे कोण नातेवाईक काम करतात?’ एवढाच रकाना. पुण्यात तो सगळे कोरा सोडत. इथं मात्र फॉर्म परत आले ते पुरवण्या जोडून! गावात कोणी कोणाला नुसत्या नावानं हाक मारतंय थोडंच? शेजारचा मामा, पलीकडची काकी, मोहल्ल्यातली भाची... सगळ्यांनी सगळे लिहिले. भोजराज चौकीदारानं सेठजींनाही मोठे भाऊ केलं होतं. खुमेंद्रनं तर एक्केचाळीस नावं लिहिली होती.

“अहो, ही तुमची काकी नाही, ही पुष्पाबाई आहे! तुमची जातसुद्धा वेगळी!”

“मंग? लहानपणी मले तिनंच तं भरवलं.”

“रक्ताचं नातं नाहीतर लग्नाचं नातं. एवढंच लिहायचं.”

त्यानं पेन घेतलं. एकेक नाव खोडताना त्याचा चेहरा असा पडला की तिला आपण फार दुष्ट आहोत असं वाटलं. शेवटचं नाव खोडून त्यानं कागद पुढे केला.

“घ्या. आता मिलमध्ये माहं कोणीच नाई. पूर्ण रकाना खाली आहे.” मग जरा थांबून, दाराकडे जाता जाता, “बघा बाबा... तुमीच खाली केला.”

दुर्गेश्वरी लाल झाली. चांगली लालबुंद! वाफाळत्या उसन्या, म्हणजे उकडलेल्या, धानाचा वास खिडकीतून आत येत होता, यंत्रांचा धडधडाट चालू होता आणि त्यात आपल्या छातीची धडधड कोणाला ऐकू जाणार नाही, एवढंच समाधान.

दिवस भराभर गेले. ती सकाळी लवकर येऊ लागली. तो तिची खुर्ची रोज कोंड्याच्या धुळीतून पुसून ठेवू लागला. बॉयलरचा दाब कसा बघायचा हे त्यानं तिला शिकवलं, पदाची जबाबदारी कशी लिहायची हे तिनं त्याला. एकदा ती गोदामातून आली तर तो तिच्या केसांकडे बघत राहिला.

“काय झालं?”

“तूस आहे. केसात. काढू...?”

“काढा ना.”

त्यानं हात उचलला, अर्ध्यावर थांबवला, आणि घाईघाईनं म्हणाला, “पुष्पाकाकीले सांगतो!” साडेतीन टनी बॉयलरला न घाबरणारा माणूस एका तुसाला घाबरून पळाला. दुर्गेश्वरी एकटीच कितीतरी वेळ हसत बसली. मग हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्याला हा माणूस फार, फार आवडतो. उद्या तो दिसला नाही तर आपल्याला चैन पडणार नाही.

घोळ झाला तो यानंतर.

नियमांची पुस्तिका तिनं पुण्याच्या कंपनीच्या पुस्तिकेवरून उतरवली होती. सगळ्यांना फाटकाजवळ बसवून तिनं ती मोठ्यानं वाचली. सातवा नियम होता: विभागप्रमुख आणि त्याच्या हाताखालचा माणूस, यांच्यात लग्नाचं नातं असेल किंवा ठरत असेल, तर दोघांपैकी एकानं नोकरी सोडावी. पुष्पाबाईनं तेव्हाच विचारलं होतं, “कायले वो माय?” आणि दुर्गेश्वरीनं ताठ मानेनं सांगितलं होतं, “नियम सगळ्यांना सारखा. मलासुद्धा!” सगळ्यांनी सह्या केल्या. सेठजींनीही केली.

आठवड्यानं नवी रचना घेऊन ती सेठजींकडे गेली. धान आवक, उसना व मिलिंग, गोदाम, असे तीन विभाग. तिन्हींवर एक उत्पादन प्रमुख, खुमेंद्र पटले. दहा वर्षं जो मदतनीस म्हणून राबला, त्याला त्याचं खरं पद. आणि एचआर वेगळं, थेट सेठजींकडे.

“खुमेंद्र एकदम बरोबर,” सेठजी म्हणाले. “पण तू माझ्याकडे कशाला? मला उलझन नको बेटा. माझ्याकडे एकच आदमी येणार. तू पण त्याच्याच खाली.”

“सेठजी, एचआर वेगळं असतं—”

“मोठ्या कंपनीत. छोट्या मिलला चालतं, मी कंपनीवाल्यांना फोन करून विचारलंय. आणि तुला जमत नसेल तर खुमेंद्र मदतनीसच राहू दे. माझ्या साडूचा मुलगा गोंदियात रिकामा आहे, त्याला बसवतो वर. हो का नाही, सांग.”

दुर्गेश्वरीनं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दहा वर्षांचा हक्क त्या माणसाच्या हातून घालवायचा? पण बाहेर येऊन तक्ता पुरा करताना तिची पेन्सिल थांबली. वर त्याची चौकट. खाली तिची. मधे सरळ रेष. आणि पुस्तिकेत सातवा नियम, तिच्याच आवाजात वाचलेला.

दुसऱ्या दिवशीपासून ती त्याला ‘सर’ म्हणू लागली.

“काऊन रुसल्या जी?” त्यानं तिसऱ्या दिवशी तिला गोदामाच्या दारात गाठलंच.

“रुसले नाही. तुम्ही माझे वरिष्ठ होणार आहात, सर.”

“होणार आहो तं का झालं? चहाबी पेत नाई तुमी आता.”

“सातवा नियम वाचा.”

त्यानं वाचला होता, सहीही केली होती. पण तो आपल्यासाठी आहे हे त्याच्या आता ध्यानात आलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद पसरला, कारण तिला ह्या नियमाची चिंता पडली, म्हणजे... म्हणजे...! आणि मग तो आनंद तसाच विरला.

“मंग मी ते पद घेत नाई,” तो म्हणाला. “मदतनीस बरा आहो.”

“खबरदार!” दुर्गेश्वरीचा आवाज चढला. “दहा वर्षं सगळ्यांनी फुकट राबवून घेतलं तुम्हाला. पद सोडलंत तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी.”

“मंग नियम बदला.”

“साठ माणसांसमोर ‘मलासुद्धा’ म्हटलंय मी. माझ्यावर आल्याबरोबर बदलू? उद्या माझं कोण ऐकेल?”

ती वळून गेली. टेबलाशी बसून तिनं एक अर्ज लिहिला, राजीनाम्याचा. तपासणी एकदा पार पडू दे, त्याचं पद पक्कं होऊ दे, मग आपण जायचं. रडू येत होतं आणि रागही येत होता, तोही स्वतःचाच.

तपासणीच्या दिवशी नागपूरहून कंपनीच्या टीना मॅडम आल्या. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. कागद बघितले, बॉयलर बघितला, बायकांशी बोलल्या. मग ऑफिसात सेठजी आणि दुर्गेश्वरीच्या समोर त्यांनी खुमेंद्रला बसवलं. पुष्पाबाई पाण्याचे ग्लास घेऊन आली होती, ती काही बाहेर जायचं नाव घेईना.

जबाबदाऱ्या विचारून झाल्या. खुमेंद्रनं घडाघडा सांगितल्या. मग टीना मॅडमनी यादीतला पुढचा प्रश्न वाचला.

“तुमच्या हाताखालच्या कोणाशी तुमचं नातं आहे, किंवा ठरतंय?”

खुमेंद्र खुर्चीत सावरून बसला. दुर्गेश्वरीला धास्ती वाटली. आता हा परत एक्केचाळीस नावं सांगणार!

“आहे,” तो म्हणाला. “एकाच बाजूनं आहे. माह्या. समोरच्या बाजूले विचारलं नाई अजून.”

“कोण?”

त्यानं दुर्गेश्वरीकडे पाहिलं. घाम फुटला होता बिचाऱ्याला, पण नजर हटली नाही. “ह्या. खोटं लिहून पद नाई घ्यायचं मले. मले ह्या आवडतात जी. कोहमाऱ्यापासून.”

पुष्पाबाईच्या हातातला ग्लास टेबलावर ठण्णकन आदळला. सेठजींचं तोंड उघडं राहिलं.

“अरे लेकिन सातवा नियम!” ते भानावर आले. “एकाला जावं लागेल!”

टीना मॅडमनी पुस्तिका उघडली. “हे कोणी लिहिलं?”

“मी,” दुर्गेश्वरी म्हणाली. “पुण्याच्या कंपनीत असंच होतं.”

“आम्ही असं कुठेच मागत नाही. नातं असेल तर जाहीर करा आणि एकाची रेष दुसऱ्याच्या खालून काढा. रेष हलवायची, मॅडम. माणसं कशाला हलवता?”

दुर्गेश्वरी बघतच राहिली. इतकं सोपं! शाळेपासून पहिला नंबर आणि हे सुचलं नाही.

“म्हणजे ही थेट माझ्याकडे?” सेठजी कळवळले. “दो दो आदमी?”

“दोन्ही बाजूंनी नातं असेल तर. एकाच बाजूनं असेल तर गरज नाही, सध्याची रचना चालेल.” टीना मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि दुर्गेश्वरीकडे वळल्या. “तर मॅडम, मी काय लिहू?”

सेठजी खुर्चीत पुढे सरकले. “बेटा... है क्या?” त्यांच्या आवाजात अजून आशा होती.

दुर्गेश्वरीनं कल्पनेत हा क्षण कितीदा पाहिला होता! नवेगावच्या तळ्याच्या बांधावर, नाहीतर इथल्याच प्रतापगडच्या पायऱ्यांवर, दोघंच, वारा. आणि इथं? समोर सेठजी, एक परकी बाई, पुष्पाबाई, आणि भिंतीला टेकलेलं तांदळाचं नमुन्याचं पोतं. तिला एकदम हसू आलं. डोळे भरले आणि हसूही आलं.

“आहे,” ती म्हणाली. “दोन्ही बाजूंनी आहे. माझ्या बाजूनं तर इतकं आहे की मी राजीनामा लिहून ठेवलाय.”

“राजीनामा?” खुमेंद्र ताडकन उठला. “अना मले सांगतलं नाई?”

“तुम्ही पद सोडलं असतं!”

“सोडलंच असतं!”

“म्हणून नाही सांगितलं!”

“भांडण बाहेर करा,” टीना मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. “सेठजी, नवी रेष. सही करा.”

सेठजींनी सही केली. “दो तो दो,” ते पुटपुटले. “तसं पण हा घरी गेल्यावर हिलाच विचारणार.”

पुष्पाबाईनं दोघांना खांद्याला धरून बाहेर काढलं आणि मागून दार लावून घेतलं. ओट्यावर ऊन पसरलं होतं, धान पसरलं होतं, आणि बायकांना बातमी आधीच पोचली होती, कशी ते देव जाणे. कोणी हसत होतं, कोणी टाळ्या वाजवत होतं. यंत्रांच्या आवाजात दोघांना एकमेकांसाठी ओरडूनच बोलावं लागत होतं.

“मंग आता?” खुमेंद्र ओरडला.

“आता गोरेगावला! बाबूजींना सांगायचं!”

त्याचा चेहरा पडला. “ते काम... एचआरचं होय ना?”

“मुळीच नाही,” दुर्गेश्वरी म्हणाली, आणि सगळ्या मिलच्या देखत तिनं त्याचा हात हातात घेतला. “तुमचं आहे. रविवारी सकाळी नऊला यायचं, आणि वरिष्ठ कोण ते त्यांनी विचारलं, तर माझं नाव सांगायचं!”